नवा दांडा, जुनी नौका

शीडनौकेच्या सर्व अंगांमध्ये सुकाणूचा दांडा हे सर्वांत साधे अंग होय. चार-पाच फूट लांबीचे एक लाकूड. त्याचे एक टोक सुकाणूच्या माथ्यात घट्ट बसविलेले आणि दुसरे सुकाणूवर बसणाऱ्याच्या मुठीत. डोलकाठीला उंची असते, शिडाला डौल असतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याची नजर त्यांच्याकडे जाते. दांड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तरीही नौकेने कुठे जावयाचे हा माणसाच्या मनातला निर्णय समुद्रापर्यंत पोहोचतो तो याच लाकडातून.

हे लाकूड कायमचे नसते. ऊन, खारे पाणी आणि हाताचा घाम यांनी ते झिजते. सुकाणूच्या माथ्याशी जिथे बोल्टसाठी भोक पाडलेले असते तिथे पाणी मुरते आणि वरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून कुजू लागते. नौकेची कितीही निगा राखली तरी तिच्या आयुष्यात दांडा एकदा तरी बदलावा लागतोच. सुताराच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ नौकेचा नाही. पूर्वजांकडून आपल्याला जे मिळाले ते जीर्ण झाल्यावर बदलणे ही निष्ठा की प्रतारणा? आणि बदलावयाचेच झाले, तर कोणता नियम पाळून? वाचकहो, या प्रश्नाचा विचार आपण दांड्याच्याच आधाराने करू. लाकडाच्या बाबतीत माणसाला स्वतःची फसवणूक करणे थोडे कठीण जाते, म्हणून हा आधार बरा.

प्रथम दांडा काय करतो ते पाहू. सुकाणू म्हणजे नौकेच्या मागच्या टोकाला, पाण्यात उभी असलेली फळी. नौका चालू लागली की पाणी या फळीच्या दोन्ही अंगांनी सरळ वाहत जाते. फळी एका बाजूस वळविली की पाण्याचा दाब तिच्यावर पडतो, नौकेचा मागचा भाग विरुद्ध बाजूस ढकलला जातो आणि नाळ वळते. दांडा ही तरफ आहे. तो जितका लांब, तितके बळ कमी लागते. नवशिक्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, दांडा डावीकडे ढकलला तर नौका उजवीकडे वळते. ही उलटी चाल अंगवळणी पडावयास काही दिवस जावे लागतात.

दांडा नुसता हुकूम पोहोचवीत नाही, तो उत्तरही आणतो. वारा वाढला आणि शीड त्या मानाने अधिक झाले, की बहुतेक शीडनौका वाऱ्याकडे तोंड वळवू पाहतात. अशा वेळी दांडा मुठीत ओढ घेऊ लागतो. जाणता तांडेल ती ओढ ओळखतो आणि शीड आवरतो. अजाण माणूस दांड्याशी झोंबत बसतो. मोठ्या जहाजांवर दोर, साखळ्या आणि यंत्रे मध्ये आली, चक्र आले, आणि हाताला मिळणारे हे उत्तर मंदावले. परंतु चक्राच्या मागेही बराच काळ दांडा होताच. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्राफल्गारच्या लढाईत ‘व्हिक्टरी’ या इंग्रज जहाजाचे चक्र तोफगोळ्याने उडाले. तेव्हा खालच्या मजल्यावरील प्रचंड दांडा खलाशांच्या तुकडीने दोरांनी ओढून ते जहाज लढाईत चालविले. चक्र गेले तरी दांडा शाबूत होता, म्हणून जहाज वाचले.

आपल्या धर्मग्रंथालाही हे लाकूड परके नाही. संत याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी सांगताना सुकाणूचेच उदाहरण घेतो: एवढेसे सुकाणू आणि त्याच्या इच्छेने वळणारे एवढे मोठे जहाज. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाच्या जहाजाची कथा आहे. माल्टाच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी खलाशांनी नांगर तोडून समुद्रात सोडले आणि सुकाणूंच्या बांधलेल्या दोऱ्या सैल केल्या, असा बारकाईचा तपशील तिथे येतो. त्या काळी जहाजाच्या दोन्ही बाजूंना एकेक सुकाणू-वल्हे असे, म्हणून तिथे अनेकवचन आहे. आपल्या भाषेतला ‘सुकाणू’ हा शब्दही अरबी ‘सुक्कान’शी नाते सांगतो. पश्चिम समुद्रावरील व्यापारात शतकानुशतके वावरणाऱ्या खलाशांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणून सोडला आणि आपण तो आपला करून टाकला. दिशा दाखविणाऱ्या वस्तूचे नावच आपण दुसऱ्याकडून घेतले आहे, ही गोष्ट पुढील विचारासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता दांडा कसा बनतो ते पाहू. कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कृतीतच आहे.

दांडा बहुधा सरळ नसतो. सुकाणूच्या माथ्यापासून निघून तो हलकेच वर चढतो, म्हणजे बसलेल्या माणसाच्या हाताशी येतो आणि गुडघ्यांना अडत नाही. हा बाक आणावयाचा कसा? सरळ फळीतून करवतीने बाक कापून काढला, तर लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळत नाहीत. ते वळणाच्या जागी तुटके राहतात. असा दांडा दिसावयास सुबक असतो, पण पहिल्या मोठ्या झटक्यात तो नेमका त्या जागी मोडतो. म्हणून जुने कारागीर निसर्गतःच वाकलेली फांदी शोधीत. झाड ज्या वळणाने वाढले, त्याच वळणाने तंतू धावत असतात. दुसरा मार्ग वाफेचा: लाकूड वाफेत मऊ करून साच्यावर वाकवावयाचे आणि थंड होईपर्यंत तसेच बांधून ठेवावयाचे. तिसरा मार्ग अलीकडचा. लाकडाच्या पातळ पट्ट्या काढून, त्यांना चिकटद्रव्य लावून, एकावर एक रचून साच्याभोवती वाकवावयाच्या आणि शिकंजांनी आवळून ठेवावयाच्या. चिकटद्रव्य वाळले की बाक कायम होतो. पाश्चात्त्य देशांत यासाठी ॲश आणि महोगनी यांच्या पट्ट्या आलटूनपालटून लावतात. सागाला स्वतःचे तेल असते, म्हणून त्याच्या पट्ट्या चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग द्रावकाने पुसून घ्यावा लागतो. नाहीतर थर पुढे सुटतात.

मग रंधा आणि कानस यांचे काम. माथ्याकडचे टोक चौकोनी ठेवावयाचे, कारण तिथे पकड हवी आणि बळ सोसावयाचे असते. हाताकडचे टोक गोल आणि निमुळते करावयाचे, कारण तिथे मूठ बसते. तंतूंची उघडी टोके आणि बोल्टची भोके यांना आतून लेप द्यावयाचा, कारण पाणी तिथूनच शिरते. शेवटी तेल किंवा व्हार्निश. उन्हाने व्हार्निश काही काळाने पापुद्र्यासारखे सुटते, म्हणून ते वेळोवेळी पुन्हा लावावयाचे. दांडा बनविणे दोन-चार दिवसांचे काम. तो राखणे मात्र नौका असेपर्यंतचे.

हे सर्व होण्याआधी कारागीर एक गोष्ट करतो. तो जुना दांडा फेकून देत नाही. तो फळीवर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवितो. लांबी, बाक, माथ्याची जाडी, भोकांमधील अंतर ही सर्व मापे जुन्याकडून नव्याकडे येतात. जुना दांडा नौकेच्या कामाचा उरला नसला तरी नव्याचा गुरू होण्याइतका तो उपयोगी असतोच.

येथे तत्त्ववेत्त्यांचा जुना प्रश्न उभा राहतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने लिहून ठेवले आहे की, अथेन्सच्या लोकांनी थिसिअस या वीराची तीस वल्ह्यांची नौका अनेक पिढ्या जतन केली. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती होती. फळ्या कुजल्या की ते जुन्या काढून नव्या बसवीत. अशा रीतीने बदलत गेलेली ही नौका तीच की वेगळी, यावर विचारवंतांत दोन तट पडले. १६५५ मध्ये टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी एक पेच घातला. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्या त्याच क्रमाने जोडून दुसरी नौका उभी केली. तर आता थिसिअसची नौका कोणती? जिच्यात जुने लाकूड आहे ती, की जी अखंड वापरात राहिली ती?

जो लाकडाला नौका समजतो तो पहिली दाखवील. जो आकाराला आणि कार्याला नौका समजतो तो दुसरी दाखवील. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत वस्तूचे द्रव्य आणि तिचे रूप यांत भेद केला जातो, आणि वस्तू कशासाठी आहे हा प्रश्न तिच्या ओळखीत धरला जातो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी देहाविषयी लिहिताना अग्नीचा दाखला दिला. लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, आणि अग्नी तोच राहतो. तसेच आपल्या देहातले द्रव्य येते-जाते, पण माणूस तोच राहतो. दांड्याचा प्रश्न आपल्याला एवढा जवळचा वाटतो याचे कारण हेच असावे. लहानपणी छायाचित्रात दिसणारा तो मुलगा आणि आज आरशात दिसणारा हा वृद्ध यांच्यातही बरेच काही बदललेले आहे.

परंतु हा वाद केवळ शाळेतल्या फळ्यावर सोडविण्याचा नाही. दोन खऱ्या नौका शेजारी ठेवून पाहू.

पहिली स्वीडनची ‘वासा’. हे युद्धनौकांमधले त्या काळचे मोठे वैभव. १० ऑगस्ट १६२८ रोजी ती स्टॉकहोमच्या बंदरातून प्रथमच निघाली आणि सुमारे तेराशे मीटर जाऊन, वाऱ्याच्या एका झोताने कलंडून बुडाली. वरचा भाग जड, बूड अरुंद, असा तिच्या बांधणीतच दोष होता. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये ती वर काढण्यात आली. पाण्याबाहेर लाकूड आक्रसून फुटू नये म्हणून सतरा वर्षे तिच्यावर एका मेणासारख्या रसायनाचा फवारा मारीत राहावे लागले. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभी आहे आणि तिच्यातले बहुतेक सर्व लाकूड मूळचेच आहे.

दुसरी नौका आपल्या मुंबईची. ‘सुहेली’ ही ३२ फुटी शीडनौका कुलाब्याच्या धक्क्यावर सागवानात बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. वाकस आणि दोरीने फिरवावयाचा सामता अशा हाताच्या हत्यारांनी मुंबईच्या सुतारांनी ती घडविली. आराखडा परदेशी होता, हात आपल्या लोकांचे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज जहाज-अधिकाऱ्याने १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून ती एकट्याने हाकारली आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात आणली. एकट्या माणसाने न थांबता केलेली ती पहिली प्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पूर्ण करणारा हा एकटाच. वाटेत ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली. पुढचा प्रशांत महासागर, केप हॉर्न आणि अटलांटिक हा सारा प्रवास शिडांचा तोल साधून आणि दांडा कधी हाताने धरून, कधी दोरीने बांधून करावा लागला.

पुढे या नौकेचा सन्मान म्हणून १९९७ मध्ये तिला ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. तिथली कोरडी, नियंत्रित हवा इतर वस्तूंना मानवणारी होती. सुहेलीला ती मानवली नाही. तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. समुद्रात राहावयाचे लाकूड कोरड्या सन्मानात सुकू लागले. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि दीर्घ दुरुस्ती केली. २०१८ मध्ये, त्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, फाल्मथच्या पाण्यात ती पुन्हा शीड उभारून फिरली. तत्पूर्वी २०१७ मध्ये तिच्याच आराखड्यावर गोव्यात ‘थुरिया’ नावाची नौका बांधली गेली आणि नौदल अधिकारी अभिलाष टॉमी तीतून शर्यतीस निघाले. तीच आकृती, वेगळे लाकूड, वेगळे नाव, वेगळा प्रवास. तिला कोणी सुहेली म्हटले नाही आणि ते बरोबरच होते. आकृती सारखी असणे म्हणजे तीच असणे नव्हे. सुहेलीला तिचा अखंड इतिहास आहे.

या दोन नौका शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. जिचे मूळ लाकूड जवळजवळ पूर्ण टिकले, ती नौका पहिल्याच दिवशी बुडाली होती. तिने सेवा केली नाही म्हणून तिचे काही बदलावे लागले नाही. जिने जगाला वळसा घातला, तिला दुरुस्त्या कराव्या लागल्या. वासा जपणाऱ्यांचे काम कमी मोलाचे आहे असे मला म्हणावयाचे नाही. सतराव्या शतकाच्या जहाजबांधणीचे केवढे तरी ज्ञान तिने दिले आहे. परंतु ती आता नौका नसून नौकेचा पुरावा आहे. आपण जे पूर्वजांकडून घेतले ते पुरावा म्हणून घेतले की चालविण्यासाठी, हे आपल्याला ठरवावे लागते. चालविण्यासाठी घेतले असेल, तर बदल हा त्या स्वीकाराचाच भाग आहे.

जुने धरून ठेवण्याची दुसरीही एक तऱ्हा आहे: वस्तू गेली तरी तिचा शब्द धरून बसण्याची. दांड्याच्या काळात सुकाणूवाल्याला हुकूम दिला जाई तो दांड्याच्या दिशेने. दांडा उजवीकडे म्हटले की नौका डावीकडे जाई. पुढे चक्रे आली, दांडा नजरेआड गेला, पण हुकूम जुनेच राहिले. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसताच हुकूम सुटला तो उजव्या बाजूचे नाव घेऊन, आणि जहाज वळावयाचे होते डावीकडे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तो हुकूम अचूक होता आणि सुकाणूवाल्याने तो बरोबर पाळला. त्या दुर्घटनेचा दोष त्या शब्दावर नाही. तथापि चक्र, नाळ आणि शब्द यांच्या दिशा जुळत नाहीत ही अडचण सर्वांनाच जाणवत होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या देशांनी नियम बदलला: जहाज जिकडे वळवावयाचे तिकडचेच नाव घ्यावयाचे. परंपरेच्या नावाखाली आपणही कधी कधी अशी वचने पाठ करीत असतो, ज्यांच्यामागचा दांडा केव्हाच काढून टाकलेला असतो. ती वचने खोटी नसतात. पण ती कोणत्या लाकडाविषयी होती हे नव्या पिढीला कोणी सांगितलेले नसते.

आता प्रश्न घरात आणू. समजा, दोन भावांना वडिलांची एक लहान शीडनौका मिळाली. वडिलांनी तीस वर्षे धरलेला दांडा माथ्याशी कुजला आहे. थोरला म्हणतो, “बाबांचा हात या लाकडावर होता. हे काढले तर बाबांचे काय उरले?” धाकटा म्हणतो, “दादा, या दांड्यावर मी माझ्या मुलांना घेऊन समुद्रात जाणार नाही.” दोघांच्याही बोलण्यात प्रेम आहे. थोरल्याचे प्रेम गेलेल्या माणसाकडे पाहते, धाकट्याचे नौकेत बसणाऱ्यांकडे. अशा वेळी एकाला हळवा आणि दुसऱ्याला कृतघ्न ठरवून मोकळे होणे सोपे असते. आपल्या कितीतरी घरांतील अबोले अशाच ठरविण्यातून सुरू झाले आहेत; फक्त दांड्याच्या जागी कुठे वाडा असतो, कुठे शेत, कुठे बोलीभाषा, कुठे लग्नातली रीत.

माझ्या मते धाकट्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. जो नौकेत बसतो तो आपला जीव सुकाणूवर सोपवून बसतो. दांडा कुजला आहे हे ठाऊक असताना मायेपोटी तो तसाच ठेवणे ही निष्ठा नव्हे. आपल्या भावनेची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकती करणे होय. वडिलांनी तो दांडा बसविला तो तरी कशासाठी? घरच्यांना सुखरूप परत आणण्यासाठी. त्यांचा हेतू राखावयाचा, तर त्यांचे लाकूड बदलावे लागेल.

परंतु थोरल्याचे म्हणणेही सोडून देता येत नाही. तो जे विचारतो ते खरे आहे: बाबांचे काय उरले? जुना दांडा नीट पाहिला तर मुठीच्या जागी एका बाजूस खोलगट झीज दिसते. वडील कोणत्या बाजूस बसत, कोणत्या हाताने धरीत, हे ती झीज सांगते. नवा दांडा करताना ही झीजही कोरावी का? कोणी सुतार ती कोरून देऊ शकेल. पण ती खोटी ठरेल. झीज कोरता येत नाही, ती पडावी लागते. बाक, लांबी, मापे ही वडिलांकडून घ्यावयाची; झीज मात्र ज्याची त्याने स्वतःच्या तळहाताने कमवावयाची. श्रद्धेचेही असेच नाही का? आईबापांकडून आपल्याला प्रार्थना मिळतात, त्या म्हणावयाची वेळ आणि रीत मिळते. त्यांच्या गुडघ्यांना पडलेले घट्टे मात्र वारशाने मिळत नाहीत.

येथे कोणी विचारील की, असे म्हटले तर काहीही बदलण्यास मोकळीक मिळेल. आज दांडा, उद्या सुकाणू, परवा नौकाच. ही भीती रास्त आहे. म्हणूनच बदलाला नियम हवा. दांड्याकडून मला तीन नियम मिळतात.

पहिला नियम गेलेल्यांविषयीचा: जुन्याचे माप घेतल्याशिवाय नवे करू नये. जुना दांडा मोडला म्हणून रागाने समुद्रात भिरकावला, तर त्याचा बाक का होता, तो तेवढाच लांब का होता हे पुन्हा कळणार नाही. गुडघे अडू लागले की मग लक्षात येईल, पण तोवर उशीर झालेला असेल. जुन्यात दोष असेल तर तोही माप घेतानाच सापडतो, आणि तो नव्यात आणावयाचा नसतो. भोकाशी पाणी मुरत होते, तर नव्यात तिथे लेप द्यावयाचा. माप घेणे म्हणजे आंधळी नक्कल नव्हे. ते समजून घेणे आहे.

दुसरा नियम नौकेत बसणाऱ्यांविषयीचा: नवे असेल ते नवे म्हणून सांगावे, आणि ते जुन्याइतके तरी बळकट असावे. नव्या लाकडाला काळा रंग चोपडून ते जुने भासविणे सोपे आहे. तसेच, वरून पॉलिश करून आतले तुटके तंतू लपविणेही सोपे आहे. दोन्हीत फसवणूक आहे. जो आपण आणलेली नवी रीत फार प्राचीन म्हणून पुढे करतो आणि जो नवेपणाच्या झगमगाटाने कच्चे काम झाकतो, ते दोघेही बसणाऱ्यांचा विश्वास चोरतात. लाकडाचे तंतू वळणाबरोबर धावत आहेत की नाहीत, हे दांडा दुकानात टांगलेला असताना कळत नाही, वादळात कळते.

तिसरा नियम पुढे येणाऱ्यांविषयीचा, आणि तो आपण सर्वांत जास्त विसरतो: आपण बसविलेले पुढच्याला काढता यावे असे बसवावे. जाणता कारागीर दांडा सुकाणूच्या माथ्यात चिकटवून टाकीत नाही. तो बोल्टने बसवितो, कारण आपलाही दांडा एके दिवशी कुजणार हे त्याला ठाऊक असते. जपानमधील इसे येथील प्राचीन मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारले जाते. शेवटची उभारणी २०१३ मध्ये झाली. त्यांचा धर्म आपला नाही, पण त्यांच्या या रीतीतून एक गोष्ट कळते. वीस वर्षांत वृद्ध कारागिराच्या हाताखाली तरुण कारागीर तयार होतो. मंदिर शंभर वर्षे टिकणाऱ्या दगडाचे केले असते, तर कौशल्य एका पिढीतच मेले असते. जे नेहमी बदलावे लागते ते करावयास माणसे शिकत राहतात.

हे तीन नियम पाळले, तर ‘काहीही बदला’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. हौसेखातर धडधाकट दांडा काढणे पहिल्या नियमात बसत नाही. दिखाऊ पण कमजोर दांडा दुसऱ्यात बसत नाही. ‘माझ्यानंतर कोणी हात लावू नये’ असा हट्ट तिसऱ्यात बसत नाही. आणि या सर्वांवर एक साधी कसोटी आहेच: दांडा हलविला की नौका वळते का? वळत नसेल, तर तो कितीही जुना असो की नवा, ते केवळ शोभेचे लाकूड आहे.

आपल्या किनाऱ्याने हा बदल डोळ्यांदेखत पाहिला आहे. शिडाच्या होड्या गेल्या, यंत्राच्या आल्या. लाकडाच्या जागी अनेक ठिकाणी फायबर आले. तरीही पावसाळ्यानंतर दर्या शांत होतो तेव्हा कोळीवाड्यांतून धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, आणि ज्या होडीची निम्मी फळी गेल्या वर्षी बदलली तिचा नाखवा ‘माझ्या जुन्या होडीला आशीर्वाद द्या’ असेच म्हणतो. त्याच्या बोलण्यात कोणाला विसंगती वाटत नाही. आशीर्वाद फळीवर थांबत नाही. तो त्या होडीने जावयाच्या आणि सुखरूप परतावयाच्या प्रवासाला असतो. तत्त्ववेत्त्यांनी शतके घालविलेल्या प्रश्नाचे उत्तर या नाखव्याला उपजतच ठाऊक असते.

त्या दोन भावांचे काय व्हावे? धाकट्याने नवा दांडा करावा, आणि माप थोरल्याने घ्यावे. जुना दांडा फळीवर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरविताना वडिलांचा हात कुठे असे, हे त्याच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. मग जुना दांडा त्याने खुशाल घरात भिंतीवर लावावा. नव्यावर काही वर्षांनी दोघांच्या मुलांच्या हातांची झीज दिसू लागेल, आणि ती वडिलांच्या झिजेहून वेगळ्या जागी असेल.